मागचा ठिपका

आमच्या वाडीत मला लायटिंगवाला म्हणतात. निवृत्त होऊन गावी राहायला आलो त्याला आता तीन पावसाळे झाले, पण नाव काही बदललं नाही. मारुती पुण्याला लेसरवर कामाला होता एवढं सगळ्यांना माहीत; आणि लेसर म्हणजे मिरवणुकीत डीजेच्या गाडीवरून जे हिरवे-निळे पट्टे डोळ्यांत घुसतात ते, हेही सगळ्यांना माहीत. त्यामुळे श्रावण सरत आला की महाड-पोलादपूरची दोन-तीन मंडळं माझ्या ओटीवर येऊन बसतात. "काका, यंदा आपल्या गावच्या माणसाकडनंच करू." मी त्यांना चहा पाजतो, डोळ्याचा पडदा जळला की काय होतं ते सांगतो, ते "बरोबर काका, एकदम बरोबर" म्हणत उठतात आणि दुसरीकडे जाऊन लेसर ठरवून येतात.

शिवथरच्या माझ्या मावशीला गालावरची चामखीळ काढून हवी होती. मी नाही म्हटल्यावर तिने वर्षभर अबोला धरला. पोलादपूरच्या बाजारात एका तांदूळवाल्याने विचारलं, लेसरने तांदळातले खडे ओळखता येतात का? तेवढा एकच प्रश्न शहाण्याचा होता. येतात, म्हटलं. तेव्हापासून तो मला तांदूळ जरा बरा देतो.

या अंकाच्या संपादकांचा महाडहून फोन आला, "तुमचे कामाचे अनुभव लिहा, पण लोकांना कळतील असे लिहा." याचा अर्थ मी असा घेतला की त्यांना स्वतःला कळतील असे लिहा. प्रयत्न करतो.

आधी धंदा सांगतो. मी शास्त्रज्ञ नव्हे. महाडला चष्म्याच्या दुकानात काचा घासायला शिकलो, तीच बोटं पुढे पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आरसे लावायच्या कामी आली, आणि नोकरीची शेवटची वर्षं मी देवयानी मॅडमच्या खोलीत काढली. तिथे एक संगणक बनत होता. संगणक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं तसलं तिथे काही नव्हतं. हवेच्या गाद्यांवर तरंगणारं एक जडच्या जड टेबल, त्यावर जागा मिळेल तिथे आरसे आणि भिंगं, आणि मधोमध स्टीलचा एक डबा. डब्यातली हवा जवळजवळ सगळी काढून टाकलेली. त्या पोकळीत विजेच्या जोरावर अधांतरी धरून ठेवलेले कॅल्शियमचे दोन अणू. अणूतला एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की त्याला आयन म्हणतात; मग तो विजेला जुमानतो आणि धरता येतो. कॅल्शियम म्हणजे परकं काही नाही, तुमच्या तंबाखूबरोबरच्या चुन्यात असतं तेच.

असा एकेक आयन म्हणजे या संगणकातला एकेक आकडा. तो शून्य असतो, एक असतो, किंवा थोडा हा आणि थोडा तो. गडद लाल रंगाचा लेसर मोजून तितकाच वेळ मारला की तो शून्याचा एक होतो. इथवर सोपं आहे. पण संगणक चालतो तो "हा असा असला तर त्याला तसा कर" अशा बारीक बारीक पायऱ्यांवर. त्या पायरीला गेट म्हणतात. म्हणजे एका आयनाची अवस्था दुसऱ्याला कळली पाहिजे. आणि दोघे तर एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत.

प्रयोगशाळा बघायला पाहुणे यायचे, तेव्हा इथपर्यंत मॅडम समजावायच्या आणि इथे पाहुण्यांचे चेहरे दगडी व्हायचे. मग मॅडम म्हणायच्या, "मारुतीकाका, तुमची पालखी काढा."

आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी नाचवतात. लांब दांडी, मधे पालखी, पुढे एक माणूस, मागे एक. दोघांचे हात एकमेकांना लागत नाहीत, पण पुढचा जरा झुकला की दांडीतून मागच्याच्या खांद्याला ते कळतंच. आमचे आयन तसेच. दोघांवर विजेचा सारखाच भार, त्यामुळे एकमेकांना ढकलतात. एक हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. लेसरने आम्ही दोघांना एकदम नाचवतो. कोण कुठल्या अवस्थेत आहे त्यावर नाच ठरतो. एक फेर पुरा झाला की पालखी जिथून उचलली तिथेच, सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या त्या चौथऱ्यावर, अलगद टेकली पाहिजे. अंगात जराही डोल उरता कामा नये. उरला की गेट फसलं. बरोबर टेकली तर नाच संपतो, पण दोघांची अवस्था एकमेकांत गुंतून राहते. ते गुंतणं म्हणजेच आमचं गेट.

पाहुणे खूश व्हायचे. एक मोठे साहेब तर माझा हात हातात घेऊन म्हणाले होते, "आज पहिल्यांदा कळलं." आणि लगेच पुढे, "पण यात कीबोर्ड कुठं जोडायचा?" मॅडमनी माझी पालखी नंतर आपल्या भाषणांतही घेतली. मला त्याचा फार अभिमान वाटायचा, हे कबूल करतो. कबूल करायच्या गोष्टींतली ती सर्वांत छोटी.

माझं रोजचं काम म्हणजे सकाळी सर्वांच्या आधी येऊन लाल लेसरचा झोत या दोन आयनांवर आणून ठेवायचा. रात्रीतून खोली जरा थंड-गरम झाली तरी आरसे केसाच्या शंभराव्या हिश्श्याने सरकतात आणि झोत भलतीकडे जातो. आरशाचा बारीक स्क्रू चिमटीत धरून श्वास सोडता सोडता फिरवायचा. मग दोन्ही आयन वेगवेगळे तपासायचे, कोणाला उलटायला किती वेळ लागतो ते. दोघांना जवळपास सारखाच लागला तर झोत दोघांवर सारखा. हे वहीत लिहायचं, दोन रकान्यांत. मी रकान्यांना डावा-उजवा म्हणायचं सोडून पुढचा-मागचा असं नाव दिलं होतं. मॅडम हसल्या होत्या, पण तेच नाव पडलं.

आता पालखीकडे खऱ्या अर्थाने येतो. आमच्या वाडीच्या पालखीची दांडी आमच्या घरची. पहिला नाच आमच्या घरच्या दोघांनी करायचा, हा आमचा मान. कोणी दिला, कधी दिला, कोणाला ठाऊक नाही. पुढे माझा थोरला भाऊ सखादादा आणि मागे मी, असं आम्ही दाढी फुटली तेव्हापासून नाचलो. मग मी पुण्याला गेलो. सुरुवातीला दर शिमग्याला यायचो. पुढे एका वर्षी काम निघालं, एका वर्षी घाट बंद होता, आणि असं करता करता लागोपाठ अकरा शिमगे मी आलो नाही. सगळे कामामुळे चुकले असं मी घरी सांगायचो. खरं विचाराल तर त्यातले चार-पाच मी टाळले. पुण्यात मला पाहुण्यांसमोर पालखी सांगायला बोलवायचे, आणि गावात आलो की कोणीतरी बंद पडलेली बॅटरी दुरुस्तीला आणून द्यायचं. माणूस कुठे रमेल?

माझ्या जागी चुलतभाऊ दत्ता उभा राहायचा. बिचारा भला माणूस. त्याचा खांदा दुखायचा, पण कधी नाही म्हणाला नाही. बाराव्या शिमग्याच्या आधी मात्र गावकी बसली आणि ठरलं: यंदा मारुती स्वतः उभा राहिला तर ठीक, नाहीतर मागची दांडी दत्ताच्या घराकडे जाईल. कोणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अकरा वर्षं ज्याचा खांदा दुखला, दांडी त्याची.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण सखादादा ते सांगायला पुण्याला आला. उभ्या आयुष्यात भोरच्या पलीकडे न गेलेला माणूस एसटीने वरंधा घाट चढून, हातात तांदळाच्या भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन माझ्या प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभा राहिला. पहारेकऱ्याने फोन करून मला सांगितलं, "काका, तुमच्यासारखाच दिसणारा एक जण आलाय, पण रागावलेला आहे."

आणि आला तो नेमका कधी? आमच्या खोलीत सहा महिने सुतक असल्यासारखं होतं. गेट जमत नव्हतं. म्हणजे अगदीच जमत नव्हतं असं नाही. अर्धंमुर्धं जमायचं, आणि अर्ध्यामुर्ध्या गेटचा संगणक म्हणजे अर्ध्या पायऱ्यांचा जिना. ऋचा नावाची मुलगी त्यावर पीएचडी करत होती. तिची समजूत अशी की पालखी सहाणेवर नीट टेकत नाही, म्हणून ती लेसर बंद करायची वेळ रोज इकडेतिकडे करून बघायची. पुढच्या पंधरवड्यात बाहेरची समिती काम तपासायला येणार होती. गेट दिसलं नाही तर प्रकल्प गुंडाळला जाणार, असं कानावर होतं. समितीचा दिवस आणि पालखी देवळाबाहेर काढायचा दिवस एकच.

दादाने फाटकाशीच गावकीचा निरोप सांगितला. मी समितीचं सांगितलं. त्याने गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाला, "दाखीव तरी. कशापायी येत नायस ते बगू दे."

मॅडमनी परवानगी दिली. आत जायला अंगात पांढरा डगला, पायांत पिशव्या, डोक्याला जाळीची टोपी. दादा स्वतःची टोपी काढायला तयार होईना, म्हणून जाळी तिच्यावरूनच चढवली. आरशात बघून म्हणाला, "डाक्टर दिसतो का कंपौंडर?" ऋचा कित्येक दिवसांनी हसली.

पडद्यावर कॅमेऱ्याने टिपलेले आयन दिसत होते. काळ्या अंधारात दोन पांढरे ठिपके. मी म्हटलं, "हे बघ दादा, एकेक अणू. तुझ्या डबीतल्या चुन्यातलाच, पण एकच एक." जगात फार थोड्या लोकांनी हे पाहिलं असेल. मला वाटलं, आता तो मान हलवेल.

तो पडद्याला नाक लागेल इतका पुढे वाकला. मग हळू आवाजात म्हणाला, "ह्या दोन ठिपक्यांपायी तू अकरा शिमगं बुडवलंस?"

मॅडम खिडकीकडे बघू लागल्या. खिडकी त्या खोलीला नाही. मी घाईघाईने माझी पालखी काढली. हा पुढचा, हा मागचा, मधे दांडी समज, पुढचा मानकरी, तो नाचतो, मागचा त्याच्या मागून जातो…

"कुणी सांगितलं तुला?" दादा म्हणाला.

"काय?"

"मागचा मागून जातो म्हून. आरं, पुढच्याला पालखी दिसते का? त्याच्या डोळ्याफुडं ढोल, माणसं, धुरळा. पालखी कंच्या अंगाला कलली, दांडी कुठं वळली, सहाण किती लांब ऱ्हायली, ह्ये मागच्यालाच दिसतं. मागच्यानं खांदा दिला नाय तर पुढच्यानं कितीबी उड्या मारू दे, त्यो नाच नाय. लोक मला हात जोडतात, पन फिरवत तू व्हतास. येवडी वर्सं मागं उभा ऱ्हायलास आन तुला ह्ये ठावं नाय?"

मला ठाऊक नव्हतं. मागे मीच असायचो आणि मलाच ठाऊक नव्हतं. मला आयुष्यभर वाटत आलं की दादा नाचतो आणि मी फक्त पडू देत नाही.

भाकऱ्यांचं गाठोडं मॅडमच्या टेबलावर ठेवून दादा दुपारच्या एसटीने परत गेला. जाताना ऋचाला म्हणाला, "ये गो एकदा शिमग्याला." मला काहीच म्हणाला नाही.

आता कबूल करायची खरी गोष्ट. वहीतले दोन रकाने मी सांगितले ना? त्यातला पहिला मी रोज तपासून लिहीत होतो. दुसरा मी गणपतीपासून तपासलाच नव्हता. पुढच्या आयनावर झोत नेमका आणायचा, त्याचा आकडा घ्यायचा आणि तोच मागच्याच्या रकान्यात उतरवायचा. आळस होताच, त्या दुसऱ्या तपासणीला पंधरा मिनिटं जास्त जायची. पण नुसता आळस असता तर मी कधी पहिला चुकवला असता, कधी दुसरा. मी एकदाही पुढचा चुकवला नाही. मान पुढच्याचा, मागचा काय, येईल मागून. पुण्याच्या त्या खोलीत, निर्वात डब्यात, दोन अणूंमध्येसुद्धा मी आमच्या गावची मानपानाची रीत नेऊन ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो आणि मागचा ठिपका तपासला. त्याला उलटायला पुढच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागत होता. झोताचा मध्य पुढच्यावर, आणि मागच्यावर नुसती कड. सहा महिने आम्ही एकाला नाचवत होतो आणि दुसऱ्याला ओढत होतो. ऋचा ज्या टेकण्यामागे लागली होती ते मुळात बरोबरच होतं. पालखी रोज सहाणेवर नीट टेकत होती. फक्त नाच दोघांचा झालेला नव्हता, म्हणून गुंतायचे ते पुरते गुंतत नव्हते.

स्क्रू चिमटीत धरला. झोत दोघांच्या मधोमध आणला. ऋचा आल्यावर तिने रोजच्यासारखं गेट चालवलं, आकडे बघितले, पुन्हा चालवलं, आणि खुर्चीवरून उठून उभी राहिली. आदल्या संध्याकाळी तिने विजेचा एक पुरवठा बदलला होता. गेट त्यामुळेच जमलं असं समजून सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. मीही केलं.

इथे गोष्ट संपवता आली असती. कोणाला काही कळलं नसतं. पण मला शिमग्याला जायचं होतं. आणि मी गेलो तर समितीच्या दिवशी झोत दुसरं कोणीतरी लावणार, वही उघडणार, दोन्ही आयन तपासणार, आणि गणपतीपासूनचे जुळे आकडे बघून विचारणार. म्हणजे न जाता गप्प बसायचं, किंवा सांगून जायचं. सांगून गेलो तर नोकरीच्या शेवटी जी काही अब्रू कमावली होती ती त्या खोलीतच ठेवून जायची. दोन दिवस मी जेवलो नाही असं सौ. म्हणते. मला वाटतं एकच दिवस.

तिसऱ्या दिवशी मॅडमसमोर वही ठेवली आणि सगळं सांगितलं. ऋचा शेजारीच उभी होती.

"कधीपासून?" मॅडम म्हणाल्या.

"गणपतीपासून."

त्यांनी पानं उलटत नेली. दोन्ही रकान्यांत तेच आकडे, माझ्या वळणदार अक्षरात, पानामागून पान. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "दोन आयनांचे आकडे दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत सारखे येतच नाहीत, काका. कधीच येत नाहीत. हे मला पहिल्याच पानावर दिसायला हवं होतं. पण तुम्ही लावलेला झोत म्हणून मी ही वही कधी उघडलीच नाही." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऋचा बाहेर गेली. तिचे सहा महिने मी खाल्ले होते. ते अजून मला लागतं. हे लिहितानाही लागतंय. अर्ध्या तासाने ती परत आली, डोळे धुतलेले. म्हणाली, "मला शिकवा. दोन्ही."

चार दिवस शिकवलं. तिची बोटं माझ्यापेक्षा हलकी निघाली, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो. पाचव्या दिवशी रजा घेऊन भोरच्या एसटीत बसलो.

वाडीत पोचलो तर माझ्यापेक्षा दत्ता खूश. माझा खांदा दाबून बघत म्हणाला, "आला बाबा. आता माजा खांदा मोकळा. मला नको तुमचा मान, मला मलम द्या कुनीतरी." दादा ढोलाच्या वाद्या आवळत होता. त्याने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

दुपारी गुरवाने देवीपुढे गाऱ्हाणं, म्हणजे गावासाठीचं मागणं, घातलं आणि आम्ही पालखी उचलली. पुढे दादा, मागे मी. तुम्हाला वाटेल, रक्तातच असतं ते, लगेच जमलं असेल. मुळीच नाही. अकरा वर्षं वातानुकूलित खोलीत स्क्रू फिरवलेला माणूस मी. तिसऱ्या फेराला माझा श्वास भात्यासारखा वाजू लागला. एकदा पाय चुकला आणि पालखी अशी कलली की बायका ओरडल्या. कोणीतरी म्हणालं, "लायटिंग गेली रं!" आणि सगळा गाव हसला. मीही हसलो असतो, पण हसायला हवा पाहिजे.

पण दादाचं म्हणणं खरं होतं. पुढचं सगळं मला दिसत होतं. दादाची घामेजलेली पाठ, दांडीचा कल, पलीकडे सहाण. आणि दर वळणावर दादा मागे न बघता ओरडून विचारत होता, "हायस ना रं?"

"हाय," मी म्हणायचो.

पुन्हा वळण. "हायस ना रं, मारत्या?"

"हाय!"

चार-पाच वेळा झाल्यावर मला राग आला. एवढा काय अविश्वास? पालखी टेकवली. सहाणेच्या मधोमध नाही टेकली, वीतभर कडेला गेली, दोष मागच्याचा. मागची दांडी आमच्या घरी राहिली, ती माझ्या नाचामुळे नव्हे, मी उभा राहिलो म्हणून.

देवळाच्या पायरीवर दम खात बसलो आणि फोन बघितला. ऋचाने वहीच्या त्या दिवसाच्या पानाचा फोटो पाठवला होता. पुढचा, मागचा. दोन रकाने, दोन आकडे, आणि शेवटच्या घरात दोन्ही वेगळे. खाली लिहिलं होतं, "समिती गेली. प्रकल्प राहिला. तुमच्याशी अजून पूर्ण बोलत नाहीये." इतकं सुंदर पान मी नोकरीत कधी लिहिलं नव्हतं.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तिच्याकडे गाऱ्हाणं केलं, "दादाचा माझ्यावर भरवसा नाही गं वहिनी. दर वळणाला आपलं हायस ना, हायस ना. दत्ताला असंच विचारायचा का?"

"नाय रं बाबा," शेजारी खांदा चोळत बसलेला दत्ताच मधे म्हणाला. "मला अकरा वर्सांत येकदा पन नाय."

वहिनी पदराने तांब्याचं बूड पुसत होती. म्हणाली, "पयल्या वर्षी इचारलं व्हतं त्यांनी. पयल्याच वळणाला. सवयीनं तुमचं नाव घेऊन हाक मारली, मारत्या, हायस ना म्हून. मागनं कायच आलं नाय. तवापासून इचारायचं सोडलं."

पलीकडे दादा सहाणेवर चढून पालखी वीतभर सरकवत मधोमध घेत होता. एकट्याला ती हलत नव्हती. मी उठलो आणि मागची दांडी धरली. त्याने वळून बघितलं नाही.

"हायस ना रं?"

"हाय, दादा."